लगूनचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा?

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या कितीतरी लहान गावांचं सांडपाणी कुठल्याच मोठ्या यंत्रात जात नाही. गावाबाहेर, गव्हाच्या आणि कनोलाच्या शेतांमध्ये, मातीच्या बांधांनी घेरलेली दोन-तीन चौकोनी तळी असतात. तिथे त्यांना लगून म्हणतात, आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ऑक्सिडेशन पाँड. विजेचा खर्च जवळपास नाही आणि सांभाळायला एक माणूस, तोही बऱ्याचदा अर्धवेळ. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की इथे करण्यासारखं फारसं काही नाही. पण साठवलेलं पाणी ओढ्यात कधी सोडायचं हा एक निर्णय चुकला, तर वर्षभर त्या तळ्यांनी केलेलं काम वाया जातं.

प्रेअरी म्हणजे मैलोन्‌मैल सपाट माळ. उतार इतका कमी की पाणी कुठे जाणार हे रस्त्याकडेची चारी ठरवते. आपल्याकडे ओढ्याला पाणी पावसाळ्यात येतं, तिथे एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना. वर्षाच्या पाण्यातला मोठा वाटा त्या काही आठवड्यांत निघून जातो. जुलै सरता सरता अनेक ओढ्यांत नुसती डबकी उरतात आणि जानेवारीत तीही तळापर्यंत गोठतात. मोठ्या नदीकाठच्या शहराला वाहत्या पाण्याचा जो आधार असतो, तो इथल्या गावाला नाही. कोरड्या ऑगस्टमध्ये गावाचं पाणी ओढ्यात सोडलं, की ओढ्यात तेवढंच पाणी असतं.

दक्षिण मॅनिटोबातले बहुतेक ओढे फिरून-फिरून लेक विनिपेगला मिळतात. सुमारे २४,५०० चौरस किलोमीटरचा हा तलाव सरासरी फक्त १२ मीटर खोल आहे. त्याचं पाणलोट क्षेत्र मात्र जवळपास १० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. कॅनडाचे चार प्रांत आणि अमेरिकेची चार राज्यं त्यात येतात. दक्षिणेकडून येणारी रेड रिव्हर तलावात पाणी थोडं आणते, पण फॉस्फरसचा सर्वांत मोठा वाटा तिचाच. उन्हाळ्यात तलावावर जी हिरवी-निळी साय धरते, ती या फॉस्फरसवर पोसलेली असते.

फॉस्फरसच का, याचं उत्तर विनिपेग शहराच्या पूर्वेला, ओंटारियोच्या जंगलातल्या प्रायोगिक तलावांवर मिळालं. १९७३ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ क्रमांकाचा, मधे निमुळता असलेला तलाव प्लास्टिकच्या पडद्याने दुभागला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात त्या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन स्वतः ओढून घेऊ शकतं, फॉस्फरस मात्र त्याला हवेतून मिळत नाही. शेवाळाच्या रासायनिक घडणीचा हिशेब केला, तर १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे ११५ ग्रॅम कोरडं शेवाळ उभं राहतं. ओलं धरलं तर अर्ध्या किलोच्या वर.

आता तळ्यांचा हिशेब. हजार वस्तीचं गाव धरा. घाण खाताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो त्याला बीओडी म्हणतात. माणशी दिवसाला साधारण ७६ ग्रॅम धरला, तर गावाचा ७६ किलो. मॅनिटोबात पहिल्या तळ्यावर हेक्टरला दिवसाला ५६ किलोपेक्षा जास्त भार टाकत नाहीत. म्हणजे पहिलं तळं सुमारे १.३६ हेक्टर, जवळपास साडेतीन एकर. खोली दीड मीटर. याहून खोल केलं तर वाऱ्याने पाणी ढवळत नाही आणि खालपर्यंत ऊन पोचत नाही.

दुसऱ्या, म्हणजे साठवणीच्या, तळ्याचा आकार घाणीवरून ठरत नाही, कॅलेंडरवरून ठरतो. लगूनच्या परवान्यांत साधारणपणे १ नोव्हेंबर ते १५ जून पाणी सोडायला बंदी असते. हिवाळ्यात ओढा गोठलेला, आणि वसंतात ओढ्यांना पूर असतो, शिवाय पाइक आणि वॉलाय हे मासे त्याच सुमारास अंडी घालतात. या बंदीचे दिवस भरतात २२७. माणशी ३०० लिटर धरले, तर रोजचे ३०० घनमीटर, आणि २२७ दिवसांचे ६८,१०० घनमीटर. तळाशी ३० सेंटिमीटर पाणी कायम ठेवायचं असल्याने वापरता येणारी खोली १.२ मीटर उरते. म्हणजे ५.७ हेक्टर, चौदा एकरांचं तळं. पहिल्या तळ्याचा वरचा थर साठवणीत धरला तर जागा थोडी वाचते. तळाला एक मीटर चिकणमाती दाबून बसवलेली असते आणि तिच्यातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून जास्त चालत नाही.

नोव्हेंबरात बर्फ धरला की तळं झाकलं जातं. बर्फाखाली ऊन नाही, वारा नाही, ऑक्सिजन नाही. घन घाण खाली बसते आणि तळाचा गाळ ऑक्सिजनशिवाय कुजतो. गारठ्यामुळे तेही संथच. अमोनिया साठत जातो. मग एप्रिल-मेमध्ये बर्फ जातो. पाणी ४ अंशाला सर्वांत जड असतं, त्यामुळे वरचं पाणी तापून त्या तापमानाला आलं की वरचं-खालचं पाणी सहज एक होतं आणि वारा सगळं तळं उलथून टाकतो. तळाचा सडका वास वर येतो आणि दोन-तीन आठवडे गावभर राहतो. दरवर्षी पालिकेत फोन येतात. यात काहीही बिघडलेलं नसतं. या दिवसांत वास मारायला पावडरी आणि बाटलीबंद जिवाणू विकणारे येतात, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. ऊन वाढलं की हिरवं शेवाळ आपोआप येतं, ते दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि वास जातो.

पाणी सोडण्याच्या तयारीतली सर्वांत दुर्लक्षित पायरी म्हणजे दोन्ही तळ्यांमधला व्हॉल्व्ह बंद करणं. तो उघडा राहिला, तर नमुना घेतल्यानंतरही ताजं मैलापाणी दुसऱ्या तळ्यात येत राहतं आणि प्रयोगशाळेचा कागद खोटा ठरतो. जिवाणू मरायला ऊन आणि वेळ लागतो, म्हणून दुसरं तळं किमान महिनाभर वेगळं ठेवावं. पण त्या महिन्यात गावाचं पाणी काही थांबत नाही. ३० दिवसांचे ९,००० घनमीटर १.३६ हेक्टरांत भरले तर पातळी ६६ सेंटिमीटरने चढते. म्हणून मे महिन्याच्या मध्यावर आधी पहिल्या तळ्याची पातळी तेवढी खाली आणायची, मग व्हॉल्व्ह बंद करायचा. हे विसरलं की जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिलं तळं काठोकाठ येतं आणि नाइलाजाने व्हॉल्व्ह उघडावा लागतो. महिना पुन्हा एकपासून मोजायचा.

नमुना बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाजवळ, पृष्ठभागाखाली फूटभर घ्यावा. काठावरून बादलीने घेतलेल्या नमुन्यात वाऱ्याने लोटलेलं शेवाळ येतं आणि आकडा विनाकारण चढतो. बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून जिवाणूंचा नमुना २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचलेला बरा. बीओडीच्या चाचणीलाच पाच दिवस लागतात, तेव्हा निकालाला आठवडा धरून चालावं. परवान्यातले नेहमीचे आकडे असे: बीओडी लिटरला २५ मिलिग्रॅम, तरंगते घन कण २५ मिलिग्रॅम, मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरला २००, एकूण फॉस्फरस १ मिलिग्रॅम. दिवसाला १०० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी घेणाऱ्या यंत्रणांना कॅनडाचे २०१२ चे केंद्रीय नियमही लागू होतात. त्यातली अमोनियाची अट जरा उलगडून सांगायला हवी, कारण घोटाळा तिथेच होतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित, माशांना फारसा त्रास न देणारा. दुसरा भार नसलेला, जो कल्ल्यांतून सरळ आत शिरतो आणि मासा मारतो. नियम या दुसऱ्यावर आहे: १५ अंश तापमानाला लिटरला १.२५ मिलिग्रॅम नायट्रोजनच्या आत. दोघांचं प्रमाण पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यावर, ठरतं. १५ अंशाला पीएच ७.५ असेल तर घातक रूप एक टक्क्याहूनही कमी, ८ ला सुमारे २.७ टक्के, आणि ९ ला साडेएकवीस टक्के. समजा एकूण अमोनिया १० मिलिग्रॅम आहे. पीएच ८ ला घातक वाटा ०.२७, बिनधास्त पास. पीएच ९ ला २.१५, नापास. पाणी तेच, अमोनिया तोच.

आणि पीएच चढवतं कोण, तर वास घालवणारं तेच शेवाळ. भर दुपारी ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड इतका ओढतं की जूनच्या अखेरीस पीएच ९ च्या पार जातो. पहाटे तोच बराच खाली असतो. म्हणून पीएच पहाटे आणि दुपारी तीनला, असा दोनदा मोजून वहीत लिहावा. पीएच चढलेला असताना अमोनिया हवेतही उडून जातो, त्यामुळे दोन-तीन आठवडे थांबलं तर एकूण आकडाच उतरतो. १६ जूनला पाणी सोडलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. जागा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थांबावं. तेव्हा शेवाळ ओसरलेलं असतं, घन कण कमी, पीएच उतरलेला आणि अमोनिया बराचसा संपलेला. शरदातलं पाणी जूनच्या पाण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगलं निघतं. ज्या गावाची साठवण तोकडी आहे त्यालाच जूनची घाई करावी लागते.

फॉस्फरस मात्र नुसतं थांबून पुरेसा उतरत नाही. त्यासाठी तुरटी. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं मराठी घरांत कुणाला सांगायला नको. घरातला स्फटिक पोटॅशचा असतो, इथे वापरतात ती ॲल्युमिनियम सल्फेट, बहुधा द्रवरूपात. लिटरला ३ मिलिग्रॅम फॉस्फरस ०.७ वर आणायचा, तर कागदावर २ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम पुरतं. प्रत्यक्षात ते शेवाळावर आणि इतर कणांवरही खर्च होतं. दुप्पट धरलं तरी कोरड्या तुरटीचे ४४ मिलिग्रॅम होतात, आणि तळ्यात बऱ्याचदा १०० च्या पुढे जावं लागतं. आधी एकेक लिटरच्या सहा भांड्यांत वेगवेगळी मात्रा टाकून बघावी: मिनिटभर जोरात ढवळायचं, पंधरा मिनिटं हळू, मग अर्धा तास स्थिर ठेवून वरचं पाणी तपासायचं. १०० मिलिग्रॅम ठरले, तर ६८,००० घनमीटरला ६.८ टन कोरडी तुरटी, म्हणजे द्रव तुरटीचे साधारण साडेदहा हजार लिटर.

ती टाकतात मोटरबोटीतून. टाकी काठावरच्या ट्रकवर किंवा बोटीत, नळीचं तोंड पंख्याच्या मागच्या फेसाळ पाण्यात, आणि बोट शेत नांगरल्यासारखी आडव्या-उभ्या पट्ट्यांत फिरवायची. मिसळणं त्या पंख्यानेच होतं, म्हणून वेग सोडायचा नाही. नंतर पाण्यात कापसासारखे गोळे धरतात आणि काही दिवसांत खाली बसतात. त्या दिवसांत जोराचा वारा सुटला की बसलेलं सगळं वर येतं. सपाट मुलखात वाऱ्याला अडवणारं काही नसतं, तेव्हा हवामानाचा अंदाज बघूनच ट्रक मागवावा. तुरटीने पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, खर्च होते, मिलिग्रॅमला साधारण अर्धा मिलिग्रॅम. प्रेअरीच्या पाण्यात ती मुळातच भरपूर असल्याने त्याची चिंता सहसा नसते. लोखंडाचं क्लोराइडही फॉस्फरस पकडतं, पण लगूनसाठी तुरटीच बरी. हिवाळ्यात बर्फाखाली ऑक्सिजन संपला की लोखंडाचं रूप बदलतं आणि पकडलेला फॉस्फरस सुटून पुन्हा पाण्यात येतो. ॲल्युमिनियम तसं सोडत नाही.

बिघाडाची कारणं बहुतेक वेळा तळ्यात नसतात, गावात असतात. तिथल्या घरांना तळघर असतं आणि तळघरात झिरपलेलं पाणी उपसायला सम्प पंप. ते पाणी अंगणात सोडायचं असतं. पण मार्चमध्ये बाहेरची नळी गोठलेली असते, म्हणून लोक पंपाचं तोंड घरातल्या ड्रेनला लावतात आणि काढायला विसरतात. शंभर घरांनी मिनिटाला सरासरी १० लिटर पाणी दहा दिवस सोडलं, तर १४,४०० घनमीटर होतात. गावाच्या ४८ दिवसांच्या सांडपाण्याची जागा दहा दिवसांत गेली. घरोघर जाऊन हे पंप वेगळे करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण नवीन तळं खणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुसरी गोष्ट सेप्टिक टँक उपसणाऱ्या ट्रकची. त्या गाळाचा बीओडी लिटरला ६,००० मिलिग्रॅम धरला, तर १० घनमीटरच्या एका ट्रकमध्ये ६० किलो येतो. जवळपास आठशे माणसांचा दिवसाचा भार, एका खेपेत. दोन-तीन ट्रक एकाच दुपारी आले की पहिलं तळं काळं पडतं. फाटकाला कुलूप, खेपांची नोंद, आणि बर्फाच्या दिवसांत एकही खेप नाही, एवढं पाळलं तरी पुरतं.

बांधांत मस्करॅट बिळं करतात. घुशीएवढा हा प्राणी बिळाचं तोंड पाण्याखाली ठेवतो, त्यामुळे वरून काही दिसत नाही आणि एक दिवस बांध खचतो. काठाला दगडांची पिचिंग केली की त्याला खणता येत नाही. पाणकणीस काठावर वाढू देऊ नये. त्याची मुळं चिकणमातीला भोकं पाडतात आणि मस्करॅटला घरासाठी सामान पुरवतात. हेच पाणकणीस तळ्याबाहेर मात्र उपयोगाचं: लेक विनिपेगच्या दक्षिण टोकाच्या नेटली-लिबाऊ पाणथळीत ते कापून, त्याबरोबर फॉस्फरस बाहेर काढण्याचे आणि कापलेलं जळण म्हणून वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. पाण्यावर टिकल्यांसारखी पसरणारी डकवीड तळं झाकून टाकते, खाली ऊन पोचत नाही. दोर बांधून ती वाऱ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात ओढायची आणि उपसायची. नुसती मारली तर तिच्यातला फॉस्फरस तळ्यातच राहतो.

क्षारांनी जड झालेलं पाणी मऊ करायला घरोघरी जी यंत्रं असतात, त्यांतलं मीठ हाही इथला खास प्रश्न. लगून मीठ काढू शकत नाही, उलट बाष्पीभवनाने ते दाट होतं. शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात मूज जॉसारख्या शहरांनी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला दिलं आहे. फॉस्फरस ओढ्यात जाण्याऐवजी पिकाला मिळतो, हा उत्तम उपाय आहे. पण पाण्यात सोडियम जास्त असेल तर चिकणमातीची जमीन कडक होऊन पाणी पीत नाही.

शहरांचं गणित वेगळं. सस्कॅचेवानमधल्या सॅस्कटून शहराने २०१३ मध्ये फॉस्फरस खताच्या गोळ्यांच्या रूपात काढणारी यंत्रणा बसवली. एरवी तोच पदार्थ, स्ट्रुव्हाइट, पाइपांत दगडासारखा जमतो. त्याच प्रांतातल्या रिजायना शहराचं पाणी वस्काना क्रीक या छोट्या ओढ्यात जातं आणि पुढे क्वापेल नदीच्या तलावांत. तिथल्या मातीतच फॉस्फरस भरपूर असल्याने शेवाळाची वाढ नायट्रोजनवर अडते, म्हणून नायट्रोजनही काढावा लागतो, हे रिजायना विद्यापीठातल्या पीटर लेविट यांच्या संशोधनातून पुढे आलं. विनिपेगमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये नदीजवळची मोठी वाहिनी फुटून २२ कोटी लिटरहून जास्त मैलापाणी रेड रिव्हरमध्ये गेलं. आपल्या हजार वस्तीच्या गावाचं दोन वर्षांचं सांडपाणी. तेव्हा प्रक्रिया केंद्र कितीही चांगलं असो, तिथपर्यंत नेणारी वाहिनीही तेवढ्याच काळजीने तपासायला हवी.

परत लगूनकडे. निकाल हातात आले, सगळे आकडे बसले, की आधी चारी पायी चालून बघावी. मोऱ्या तुंबल्या आहेत का, बीव्हर या प्राण्याने फांद्यांचं धरण घातलंय का, खालच्या शेतकऱ्याचं गवत कापायचं राहिलंय का. त्यांना आधी फोन करावा. ६८,००० घनमीटर तीन आठवड्यांत सोडायचे तर सेकंदाला साधारण ३७ लिटर. पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह पाव भागच उघडायचा, चारीची माती वाहत नाही हे बघून मग वाढवायचा. जितकं सावकाश सोडाल तितकं वाटेतलं गवत फॉस्फरस उचलतं. दर आठवड्याला नमुना घ्यायचा. पाणी जसं खाली जातं तसा पाइप गाळाच्या जवळ येतो, म्हणून शेवटच्या दिवसांतलं पाणी सर्वांत वाईट असतं. बाहेर पडणारं पाणी मळकट दिसायला लागलं, की ठरलेली पातळी आली नसली तरी व्हॉल्व्ह बंद करायचा. तळाचं फूटभर पाणी राहू द्यायचं, नाहीतर उन्हाने चिकणमाती तडकते. त्याच दिवशी पारदर्शक नळी घेऊन बोटीतून पहिल्या तळ्यातला गाळ दहा-बारा ठिकाणी मोजावा. इनलेटच्या तोंडाशी तो सर्वांत जास्त असतो. फूट-दीड फुटाच्या वर गेला असेल तर उपशाचं अंदाजपत्रक याच हिवाळ्यात करायला घ्यावं. मग दोन तळ्यांमधला व्हॉल्व्ह उघडायचा, आणि वहीत तारीख, वेळ आणि दोन्ही पातळ्या लिहायच्या.